पायी चालणाऱ्याचा कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ उघडला की दुसऱ्याच कलमात व्याख्यांची मोठी यादी लागते. मोटारसायकल, ट्रॅक्टर, मालवाहू वाहन, सगळ्यांची व्याख्या आहे. ‘पादचारी’ या शब्दाची नाही. आपण भाषा शिकणारी मुलं, त्यामुळे ही गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. कायदा वाहनांचा आहे, हे खरंच. पण वाळपईच्या बसस्टँडवर उतरून बाजारात, शाळेत किंवा आरोग्य केंद्रात जाणारा प्रत्येक जण आधी पादचारी असतो. गाडीवालासुद्धा गाडी लावून उतरला की पादचारीच.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे साधारण पाचांतला एक. म्हणून व्याख्या नसली तरी आपले हक्क कुठे लिहिलेत ते माहीत हवं.

आपले हक्क

पहिला हक्क पदपथाचा. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अडथळे नसलेला, नीट वापरता येणारा पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दिव्यांग व्यक्तींनाही तो वापरता आला पाहिजे, हेही न्यायालयाने बजावलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उंची जास्त झाली की म्हातारी माणसं वर चढतच नाहीत, खालून रस्त्यानेच चालतात. मग पदपथ असून नसल्यासारखा.

दुसरा हक्क रस्ता ओलांडण्याचा. मोटार वाहन चालवण्याबाबतचे २०१७ चे विनियम सांगतात, की सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर चालकाने वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तिथे हॉर्न वाजवून माणसाला पळवणं हा उलटा न्याय झाला. ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. म्हणून वेग आधीच कमी करायचा असतो, माणूस समोर आल्यावर नाही.

तिसरा हक्क चांगल्या रस्त्याचा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८अ सांगतं, की रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे प्रत्येक वेळी ‘चालणाऱ्याचंच लक्ष नव्हतं’ म्हणून विषय मिटवता येत नाही.

माटोळीचा बाजार आणि पदपथ

इथे एक अवघड प्रश्न येतो. चतुर्थीच्या आधी सत्तरीच्या गावांतून रानातली फळं, वेली, कंदमुळं घेऊन बायका वाळपईत येतात आणि रस्त्याकडेला बसतात. पदपथ मोकळा हवा म्हणून त्यांना उठवायचं का? त्यांच्यासाठीही कायदा आहे. पथविक्रेता कायदा, २०१४ प्रमाणे विक्रेत्यांना जागा ठरवून द्यायची असते. दोन्ही कायदे एकत्र वाचले तर भांडण उरत नाही : विक्रीची जागा वेगळी आखा, चालायची पट्टी मोकळी ठेवा. आणि खरं बघायला गेलं, तर पदपथावर दिवसभर उभी केलेली दुचाकी वर्षातून चार दिवस बसणाऱ्या बाईपेक्षा जास्त जागा अडवते. तिला मात्र कुणी उठवत नाही.

आपल्या जबाबदाऱ्या

हक्क आपले, तर काळजीही आपलीच. पदपथ असेल तिथे रस्त्यावरून चालू नये. नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चालावं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. वळणावर किंवा उभ्या बसच्या पुढून रस्ता ओलांडू नये. कानात इअरफोन घालून तर नकोच. गावाकडच्या रस्त्यावर रात्री फिकट कपडे आणि हातात बॅटरी असावी. पावसाळ्यात काळी छत्री आणि काळा रेनकोट घातलेला माणूस चालकाला जवळजवळ दिसतच नाही. यात पैशांचाही मुद्दा आहे : अपघातात पादचाऱ्याचाही निष्काळजीपणा दिसला, तर न्यायाधिकरण भरपाई त्या प्रमाणात कमी करू शकतं.

अपघात झालाच तर

धडक देणाऱ्या चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आणि पोलिसांना कळवायचं, हे कलम १३४ चं बंधन आहे. गाडी पळून गेली आणि तिचा पत्ता लागला नाही, तरी कलम १६१ खाली मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे करायचा. अनेक कुटुंबांना हे माहीतच नसतं.

आणि बघणाऱ्यांचं काय? अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायदा ‘सुवर्ण तास’ म्हणतो. वाळपईहून बांबोळीला पोचायलाच जवळजवळ तेवढा वेळ जातो, म्हणून १०८ ला फोन करायला मिनिटभरही उशीर नको. पोलिसांच्या चौकशीत अडकू, या भीतीने लोक मागे सरतात. कलम १३४अ ही भीती काढून टाकतं : चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. इंग्रजी कायद्यात अशा माणसाला ‘गुड समॅरिटन’ म्हटलंय. हे नाव लूकच्या शुभवर्तमानातल्या चांगल्या शोमरोन्यावरून आलं. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर जखमी पडलेल्या माणसाला बघून दोघे जण बाजूने निघून गेले, परका मात्र थांबला. संसदेच्या कायद्यात बोधकथेतलं एक पात्र येऊन बसलंय, साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार?

मंडळाच्या सभासदांसाठी एक छोटासा अभ्यास सुचवावासा वाटतो. मोजपट्टी घेऊन आपापल्या गावातल्या शाळेपासून बसस्टँडपर्यंत चालत जा. पदपथ १.८ मीटर कुठे आहे, कुठे तुटलाय, झेब्रा पट्टे कुठे पुसले गेलेत, ते वहीत टिपा. मग त्या नोंदी जोडून नगरपालिकेला किंवा पंचायतीला शुद्ध मराठीत अर्ज लिहा. पोच घ्यायला विसरू नका.