गप्प बसणे आणि गोपनीयता : हेल्पलाइनवरील संवादाची भाषा

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला,
• ‘गप्प बसणे’ व ‘गोपनीयता’ यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• पीडित स्त्रीशी बोलताना वापरायची भाषा पारखता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, ‘घरातली गोष्ट घरात राहावी’, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही वचने तुम्ही लहानपणापासून ऐकली असतील. कौटुंबिक हिंसाचाराच्या बाबतीत त्यांचा लाभ मात्र मारणाऱ्यालाच होतो. गोपनीयतेतही गोष्ट चारचौघांत जात नाही. मग दोहोंत फरक कोणता? गप्प बसणे स्त्रीवर लादलेले असते. गोपनीयतेत कोणाला, केव्हा व किती सांगायचे, हे ती स्वतः ठरवते.

विषय-विवेचन
पुण्यात 1982 मध्ये दोन विवाहित स्त्रियांच्या मृत्यूंनी समाज हादरला. त्यातून उभ्या राहिलेल्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी नेले आणि पुढे ‘बोलते व्हा’ हे केंद्र चालवले. या नावाची रचना पाहा. ‘बोला’ या आज्ञेत एकदाच बोलणे पुरते; ‘बोलते व्हा’ म्हणताना बोलणारी व्यक्ती होण्याचे आवाहन असते. त्यासाठी ऐकणारा विश्वासू हवा.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाला त्याने ‘हिंसाचार’ हे नाव दिले. सामायिक घरात राहण्याचा हक्क स्त्रीला दिला. आवश्यक तेथे सुनावणी बंद दालनात घेण्याची तरतूदही त्यात आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू. बारामती-इंदापूरच्या बागायती भागात अनेक कुटुंबे गावापासून दूर, उसाच्या रानातील वस्तीवर राहतात. शेजारचे घर बहुधा भावकीचेच. तेथे सांगितलेले सायंकाळपर्यंत सासरी पोहोचते. अशा स्त्रीसाठी 181 ही महिला हेल्पलाइन म्हणजे भावकीबाहेरचा कान होय. समजा, पुढील संवाद झाला :

“काही नाही ओ ताई, पाय घसरून पडले.”
“बरं. आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का तुम्हाला?”
“हे मोटार चालू करायला गेलेत. येतीलच.”
“मग आधी एवढंच सांगा, आज रात्री घरात थांबायची भीती वाटते का?”

समुपदेशकाने ‘तुम्ही काय केलंत म्हणून मारलं?’ असे विचारले नाही. त्या प्रश्नात दोष आधीच स्त्रीच्या पदरात पडलेला असतो. ‘पडले’ हे क्रियापद खोडून न काढता त्यामागची भीती ओळखली, आणि प्रश्न असे ठेवले की ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर उत्तर देता यावे. फोन घरात एकच असेल, तर परत फोन करावा का व केव्हा, हेही तिलाच विचारावे. अवेळी आलेला फोन तिला संकटात टाकू शकतो.

गोपनीयतेला मर्यादाही आहेत. जीव धोक्यात असेल तर 112 वर पोलिसांची मदत घ्यावी लागते. बालकावरील लैंगिक अत्याचार पोक्सो कायदा, 2012 नुसार कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा स्त्रीला आधीच सांगणे हा विश्वासाचाच भाग होय.

सारांश
गप्प बसण्याने स्त्री एकटी पडते. गोपनीयतेने तिला सोबत मिळते आणि निर्णय तिच्याच हाती राहतो. उद्या तुमच्याजवळ कोणी असे बोलले, तर सल्ला देण्यापूर्वी ऐका आणि तिला न विचारता ते कोणालाही, तिच्या माहेरीही, सांगू नका.

स्वाध्याय
1. ‘नवरा-बायकोचे भांडण’ हा शब्दप्रयोग हिंसाचार कसा झाकतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
2. स्त्रीवर दोष ठेवणारे तीन प्रश्न लिहा व ते दोष न ठेवता पुन्हा मांडा.