दोन भोकं

आजोबांची .315 रायफल चोपड्याकडच्या आमच्या शेतावर रानडुकरांसाठी घेतलेली. पीकसंरक्षणाचा परवाना आधी त्यांच्या नावावर, मग वडिलांच्या, शेवटी माझ्या. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली ही रायफल. तिची घडण जुन्या ली-एनफिल्डची, म्हणजे दोन महायुद्धांत आपल्या जवानांनी वापरलेल्या .303 ची. फरक काडतुसाचा. लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांच्या काळापासून हे वेगळं माप चालत आलं, आणि .303 आजही खासगी परवान्यावर सहसा मिळत नाही.

घडणीच्या या साम्यानेच माझा घात केला. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘नंबर 4 (टी)’ या ली-एनफिल्ड स्नायपर रायफलीबद्दल मी वाचत होतो. अचूक मारा करणाऱ्या रायफली निवडून हॉलंड अँड हॉलंड ही लंडनची कंपनी त्यांच्यावर दुर्बीण बसवायची. ती ‘नंबर 32’ दुर्बीण, तिप्पट मोठं दाखवणारी. प्रत्येक रायफलीची दुर्बीण ठरलेली. तिचा क्रमांक रायफलीच्या दस्त्यावर ठोकलेला. एकीची दुर्बीण दुसरीवर चढवायची नाही, असा दंडक. मला वाटलं, आपल्या रायफलीला तसंच रूप द्यावं.

मुंबईच्या चोरबाजारातून ‘मिल्ट्रीची ओरिजिनल’ म्हणून एक दुर्बीण आणली. पितळी नळी, तिच्यावर ब्रिटिश लष्कराच्या बाणाचा शिक्का. घरी येऊन नीट पाहिली तेव्हा स्क्रूच्या डोक्यांवर अधिकच्या चिन्हाची खाच दिसली. त्या काळच्या ब्रिटिश कामात एक सरळ खाच असते. आतली खूण साधी फुली होती. खऱ्या नंबर 32 मध्ये खालून वर येणारा टोकदार खांब आणि एक आडवी रेघ असते. वरची चकती फिरवली तरी फुली जागची हलेना. तरीही मी थांबलो नाही, हे आज सांगताना जीव कासावीस होतो.

धुळ्याच्या एमआयडीसीत ओळखीचा एक लेथवाला होता. रायफल हातात घेऊन तो म्हणाला, “भाऊ, भोक पाडनं सोपं शे, बुजाडनं नही.” त्याने नको म्हटलं होतं, आग्रह माझा. पोलादात दोन भोकं पडली. तेवढ्यावर न थांबता मी रायफलीच्या नळीवरचा काळसर थर पॉलिश पेपरने घासून काढला. त्याबरोबर कारखान्याचे आणि चाचणीचे शिक्के पुसट झाले, क्रमांकाचे दोन आकडे जेमतेम वाचता येतील इतके उरले.

परवान्याच्या नूतनीकरणाला रायफल दाखवायला नेली. तपासणाऱ्याने पुसट क्रमांकावर बोट ठेवलं, मग भोकांवर. रायफल जमा झाली. जबाब, वकील, खुलासे, हेलपाटे यांत दीड वर्ष गेलं. वडील त्या काळात मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

कायदा मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरबदल करायला स्वतंत्र परवाना लागतो. तुमच्याकडे बंदुकीचा परवाना आहे म्हणून लेथवाल्याला तुमच्या बंदुकीला हात लावता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान 7 वर्षं ते जन्मठेप इतकी शिक्षा आहे. माझ्या हौसेपायी मी एका गरीब कारागिराला कुठे नेऊन उभं करत होतो, हे कळल्यावर कितीतरी रात्री झोप लागली नाही.

खानदेशात अनेक जुन्या वाड्यांत भिंतीवर ठासणीची बंदूक टांगलेली दिसते. सन 1825 मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली, त्या काळापासूनच्या आठवणी या भागात अशा वस्तूंना चिकटलेल्या आहेत. ‘जुनी आहे, तिला कुठला परवाना’ असं घरोघरी ऐकू येतं. कलम 45 मधली सूट नीट वाचा: जुन्या पद्धतीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं, आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं हत्यारच तिच्यात बसतं. म्हणजे चाप दुरुस्त करून बंदूक चालती होत असेल तर तिला ही सूट मुळातच नाही. भिंतीवरच्या बंदुकीबद्दल शंका असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. परवानाधारक वारले असतील तर हत्यार घरात न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, मग वारसाचा अर्ज करा.

लाकडाचं मात्र घरी करता येतं, आणि तेवढंच करावं. कच्चं जवसाचं तेल, अगदी थोडं, तळहाताने चोळून. दस्त्यावरचे डाग, ओरखडे, आजोबांच्या हाताने पडलेली चकाकी तशीच राहू द्या. पोलादावर हलका तेलाचा हात. पॉलिश पेपर, बफिंग, क्रोम यांपैकी काहीही नको. जाणकार संग्राहक मूळ थर आणि जुळणारे क्रमांक यांनाच किंमत देतो. जुनी हत्यारं डोळे भरून पाहायची असतील तर पुण्याचं राजा केळकर संग्रहालय आहे, अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आहे.

माझी रायफल परत मिळाली. भोकं अजून आहेत, ती बुजवायला मी रायफल कोणाकडे नेलेली नाही. तुमच्या घरी परवान्याची बंदूक असेल तर आज संध्याकाळी परवाना काढा आणि त्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी एकेक आकडा जुळवून पाहा.