वरातीआधीचे दोन घोट

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमचं बॅन्ड पथक आहे. वरातीआधी वाजवणारे दोन घोट घेतात. त्याशिवाय फुंक लागत नाही, म्हणतात. हे खरं आहे का?
– एक वाचक, नांदुरा

उत्तर : नाही. दारूने भीड चेपते, म्हणून चांगलं वाजतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आधी स्वतःची पारख बिघडते, मग ताल आणि बोटं. क्लॅरिनेट-ट्रम्पेटला लागणारी ओठांची पकडही ढिली पडते. त्यात आपल्याकडची मे महिन्यातली लग्नं! अंगावर जाड गणवेश, दारूने लघवी वाढून शरीरातलं पाणी घटलेलं. अशाने उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. ताक, मीठ-साखरेचं लिंबू सरबत द्या, अधूनमधून सावलीत बसवा.

बाटली पुष्कळदा वऱ्हाडीच देतात. सुपारी घेतानाच त्यांना बजावा. गाडी चालवणाऱ्याने तर थेंबही घेऊ नये. यकृत तासाला साधारण एखादाच लहान पेग निपटतं; चहा-कॉफीने त्याचा वेग वाढत नाही.

मात्र सकाळपासून पिणारा, दारू न मिळाल्यास हात थरथरणारा कुणी असेल, तर त्याची दारू एकदम तोडू नका. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. हा आजार आहे. त्याला पथकातून काढू नका, डॉक्टरांकडे न्या. १४४४६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. पुण्याचं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून दारू सोडवण्याचं काम करतंय. तो उपचार घेऊन परत येईपर्यंत त्याची जागा राखून ठेवा.