दीर्घपल्ल्याच्या पहिल्या ट्रायथलॉनपूर्वीचा सप्ताह : स्वानुभवातून काही चिकित्साविचार

प्रास्ताविक

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत एक नवा रुग्णवर्ग येऊ लागला आहे. वय पस्तीस ते पन्नास, व्यवसाय बैठा आणि ध्यास मॅरेथॉन वा ट्रायथलॉनचा. स्पर्धेला आठ दिवस उरले असता हा मनुष्य आपल्यापुढे बसतो आणि विचारतो, "वैद्यराज, ताकदीसाठी काही द्या." या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आम्ही चार वैद्यमित्रांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्यातील आयर्नमॅन ७०.३ या स्पर्धेसाठी नाव नोंदवले. त्यामुळे हा प्रश्न आम्हांस दोन्ही बाजूंनी, म्हणजे वैद्य म्हणून आणि रुग्ण म्हणूनही, सोडवावा लागला. त्यात आमच्या हातून एक चूक घडली व एक निर्णय योग्य ठरला. दोन्ही येथे मोकळेपणाने मांडत आहोत.

स्पर्धेचे स्वरूप

या स्पर्धेत १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल चालवणे आणि २१.१ किलोमीटर धावणे हे क्रमाने, न थांबता करावयाचे असते. एकूण अंतर ११३ किलोमीटर व कालमर्यादा साधारण साडेआठ तास. पूर्ण अंतराच्या स्पर्धेत हेच आकडे ३.८, १८० व ४२.२ असे दुप्पट होतात. गोव्यातील ही स्पर्धा २०१९ मध्ये सुरू झाली. ती पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर होते. काळ शरद ऋतूचा, म्हणजे पित्तप्रकोपाचा. ऊन तीव्र आणि हवा दमट.

शास्त्रीय भूमिका

आरंभीच एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. आपल्या शास्त्राने व्यायाम अर्धशक्तीने सांगितला आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे, मुखशोष होणे, श्वास मुखाने सुरू होणे ही अर्धशक्तीची सीमा होय. वाग्भटांनी अर्धशक्तीचा व्यायामही हेमंत, शिशिर व वसंत या ऋतूंत सांगितला असून अन्य ऋतूंत त्याहून कमी सांगितला आहे. तृष्णा, क्षय, श्रम, क्लम, रक्तपित्त, प्रतमक श्वास, कास, ज्वर व छर्दी हे अतिव्यायामाचे दोष आपणां सर्वांस परिचित आहेत. शरदात आठ तास चालणारी ही स्पर्धा अर्धशक्तीच्या चौकटीत बसत नाही. ती शास्त्रसंमत आहे असे भासवण्यात अर्थ नाही. मनुष्य ती करणारच असेल तर त्याची हानी कमीत कमी व्हावी, एवढेच वैद्याचे कर्तव्य उरते. त्यासाठी या सप्ताहात सर्वांत उपयोगी पडणारी संकल्पना बल्य औषधांची नसून सात्म्याची आहे.

१. व्यायामाचा क्रमशः ऱ्हास

स्पर्धेपूर्वीच्या सुमारे दोन आठवड्यांत सरावाची तीव्रता टिकवून त्याचे प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करावे, असे आधुनिक क्रीडाविज्ञान सांगते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामविचारानंतर लगेच सवयी सोडण्याधरण्याचा पादांशिक क्रम येतो, त्याची येथे आठवण होते. या काळात देह विश्रांत होतो, पण मन अस्वस्थ होते. सराव घटताच आपली शक्ती नष्ट झाली असे वाटू लागते. गुडघा दुखल्याचा भास होतो. काहीतरी औषध घ्यावे अशी इच्छा बळावते. आमच्या चौघांतही हे घडले. रुग्णाने या दिवसांत केलेल्या तक्रारींपैकी किती देहाच्या व किती मनाच्या, याचा विवेक वैद्याने करावा.

२. शोधनाचा मोह : आमची चूक

आमच्यापैकी एक मित्र पित्तप्रकृतीचे. अम्लोद्गार व मुखपाक सुरू झाला होता. शरद ऋतू, पित्तप्रकोप आणि विरेचन हे समीकरण आमच्या मनात इतके दृढ की पाच दिवस अगोदर मंगळवारी रात्री त्यांना अविपत्तिकर चूर्ण देण्यास आम्ही सर्वांनीच संमती दिली. बुधवारी आठ वेग झाले, वजन दीड किलोने उतरले व पायांत ग्लानी आली.

ऋतू योग्य होता, दोष योग्य होता, द्रव्यही योग्य होते. काल मात्र सर्वस्वी अयोग्य होता. शोधनानंतर अग्नी मंद असतो, म्हणूनच पेयादी संसर्जनक्रम सांगितला आहे आणि त्या काळात व्यायाम वर्ज्य केला आहे. हे विद्यार्थ्यांना शिकवणारे आम्ही स्वतःच्या मित्राच्या बाबतीत विसरलो. पेया, विलेपी, नंतर मुगाचे वरण व मऊ भात असा क्रम देऊन त्यांना सावरले. त्यांनी स्पर्धा पूर्ण केली, परंतु धावण्याच्या उत्तरार्धात पोटऱ्यांत पेटके येऊन बराच काळ चालावे लागले. त्यास हे विरेचनच कारण झाले असे निश्चित म्हणता येणार नाही, पण आमचे मन आम्हांस निर्दोष मानत नाही. शोधन करावयाचेच असेल तर ते स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधी करावे. या सप्ताहात मृदू विरेचनही टाळावे.

३. ज्वर आणि निर्णय

गुरुवारी दुसऱ्या मित्रास अंगमर्द व १०१ अंश ज्वर आला. विश्रांतीतील नाडीची गती एरवी ५६ असे, ती ७४ झाली. रक्ततपासणीत डेंग्यू आढळला नाही. शुक्रवारी ज्वर उतरला. एका वर्षाचा पहाटेचा सराव, खर्च, घरच्यांची तयारी हे सारे पणास लागलेले. ते म्हणाले, "अरे, गोळी घेतली की ताप उतरतो. पाण्यात उतरायला काय हरकत आहे?" आम्ही त्यांना इतकेच विचारले, "हाच प्रश्न तुझ्या रुग्णाने केला असता, तर तू काय सांगितले असतेस?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

नवज्वरात वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत स्नान, प्रवात व व्यायाम या तिन्ही येतात. समुद्रात पोहणे, वाऱ्यात सायकल चालवणे आणि उन्हात धावणे म्हणजे हेच तिन्ही होय. एवढेच नव्हे, तर ज्वरमुक्तानेही बल परत येईपर्यंत व्यायाम, स्नान व चंक्रमण टाळावे असे चरक सांगतात. विषाणुजन्य ज्वरात हृदयाच्या स्नायूस शोथ होण्याची शक्यता असते व अशा वेळी केलेले तीव्र श्रम प्राणघातक ठरू शकतात, हे आधुनिक वैद्यकही सांगते. ज्वर, सर्वांगवेदना, छातीतील कास किंवा अतिसार असता स्पर्धा करू नये, या नियमास अपवाद नाही. मित्राने माघार घेतली. शनिवारी सायंकाळी ज्वर पुन्हा ९९.८ झाला, तेव्हा निर्णयाविषयी शंका उरली नाही.

४. आहार व जल

अखेरच्या दीड-दोन दिवसांत शरीरवजनाच्या दर किलोमागे रोज ८ ते १२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. हे प्रमाण मोठे आहे. अग्नी न पाहता ते लादल्यास अजीर्ण ठरलेले. आम्ही मऊ भात, मुगाचे वरण, थोडे तूप, केळी व गूळ यांवर भर दिला. कडधान्ये, कच्च्या कोशिंबिरी व तिखट वर्ज्य केले. कर्बोदकांबरोबर स्नायूंत पाणीही साठते, त्यामुळे एखादा किलो वजन वाढले तर घाबरू नये. दिवाळी चार दिवसांवर होती, घरोघरी फराळ सुरू झाला होता; गोव्यात मासळीचाही मोह होता. दोन्ही स्पर्धेनंतर, असे ठरवले.

जलाविषयी एक गैरसमज दृढ आहे, की जितके पाणी अधिक तितके बरे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांत सोडियम घटलेले आढळले. अतिजलपान हे त्याचे प्रमुख कारण होते. अशा अवस्थेत शिरःशूल, छर्दी, संभ्रम व क्वचित मृत्यूही संभवतो. म्हणून तहानेनुसार पाणी घ्यावे, मूत्राचा वर्ण फिकट पिवळा असावा, आणि मीठ घातलेले कोकम सरबतही सरावात घेऊन पाहिलेले असेल तरच घ्यावे. वेदनाशामक गोळ्या स्पर्धेच्या दिवशी घेऊ देऊ नयेत. श्रम व जलक्षय यांत त्या वृक्कांस अपाय करू शकतात.

५. औषधे व उत्तेजकविरोधी नियम

हा मुद्दा आपल्या वैद्यवर्गात फारसा चर्चिला जात नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत स्पर्धाकाळासाठी निषिद्ध असलेल्या द्रव्यांत कुचल्यातील स्ट्रिक्निन आहे, अहिफेनातील मॉर्फिन आहे, भांग आहे, आणि ठराविक मर्यादेपलीकडील इफेड्रिनही आहे. म्हणजे अग्निमांद्यासाठी अग्नितुंडी वटी, पेटक्यांसाठी विषतिंदुक वटी, अतिसारासाठी कर्पूर रस, ग्रहणीसाठी जातिफलादी चूर्ण, श्वासासाठी सोमलतेचे कल्प, यांपैकी कोणतेही सद्भावनेने दिले तरी खेळाडू दोषी ठरू शकतो. नियमांनुसार स्पर्धाकाळ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होत असला, तरी आधी घेतलेल्या द्रव्याचे अंश मूत्रात मागे राहू शकतात. खेळाडूस रसकल्प वा मिश्रकल्प देण्यापूर्वी त्यातील प्रत्येक घटक यादीशी ताडून पाहणे हे आपले दायित्व आहे.

६. आदला दिवस

आदल्या दिवशी उन्हात हिंडू नये. सायंकाळचे जेवण सातपूर्वी, नेहमीचे व मध्यम मात्रेत घ्यावे. त्या रात्री झोप कमीच लागते; म्हणून त्याच्या आधीच्या रात्रीची निद्रा जपावी. पहाटे मलमूत्रांचे वेग येतात ते रोखू नयेत, त्यासाठी अर्धा तास राखून उठावे. नवे बूट, नवा आहार, नवे तेल, नवे औषध यांपैकी काहीही या दिवशी नको. जे अभ्यासाने सात्म्य झाले तेवढेच उपयोगी पडते.

समारोप

रविवारी आम्ही तिघे समुद्रात उतरलो. चौथे मित्र पाण्याची बाटली घेऊन धावमार्गाच्या कडेला उभे होते. आम्ही तिघांनीही कालमर्यादेत स्पर्धा पूर्ण केली, पण आमच्या मते त्या आठवड्यातील सर्वांत कठीण काम चौथ्याने केले. स्पर्धा पुढील वर्षी पुन्हा येते; हृदय पुन्हा मिळत नाही.

वैद्य स्वतःची व मित्राची चिकित्सा करू लागला की त्याची दृष्टी आशेने झाकोळते. म्हणून वैद्यबंधूंस नम्र सूचना अशी, की आपण स्वतः स्पर्धेत उतरणार असाल तर त्या सप्ताहापुरता दुसरा वैद्य नेमावा आणि त्याचे ऐकावे. आणि "ताकदीसाठी काही द्या" म्हणणाऱ्या रुग्णास बहुधा काहीच न देता, त्याचे भय शांतपणे ऐकून, त्याला वेळेवर झोपावयास पाठवावे. या सात दिवसांत न दिलेले औषध हेच अनेकदा उत्तम औषध असते.