एका पंख्याचं बिल दोन घरांना

नवा इलेक्ट्रॉनिक मीटर बसला आणि बिल वाढलं की सगळा मोहल्ला एकच निकाल देतो: मीटर पळतोय. धारला आमच्याकडेही तोच निकाल लागला होता. वाडा आजोबांचा, वाटणी कधीच झालेली. खाली आम्ही, वर चुलतभाऊ. मीटर दोन, बिलं दोन. जुना चकतीचा मीटर गेला आणि घरात एकही नवी वस्तू आलेली नसताना आमची खपत दीडशेच्या वर जायला लागली. मध्य प्रदेशात हा आकडा जिव्हारी लागतो. महिन्याची खपत 150 युनिटांच्या आत राहिली तर अटल गृह ज्योती योजनेत पहिली 100 युनिटं 100 रुपयांत पडतात. ती रेघ ओलांडली की सवलत संपली.

मीटर बदलून मागायचा अर्ज घरात तयार होता. म्हटलं, आधी मीटर काय म्हणतोय ते तर पाहू.

पडद्यावर आकडे फिरत असतात: तारीख, व्होल्टेज, कमाल मागणी. आपल्याला हवा तो ‘केडब्ल्यूएच’ लिहिलेला. त्यातला दशांश सोडायचा आणि उरलेला आकडा बिलातल्या ‘वर्तमान रीडिंग’शी ताडून बघायचा. बिलात ‘आकलित खपत’ दिसली तर समजा, तो आकडा मीटरचा नाही, अंदाजाचा आहे. एवढ्यावर कितीतरी भांडणं मिटतात. आमचं मिटलं नाही, आकडे बरोबर जुळत होते.

मग लाल दिवा. आमच्या मीटरवर 3200 इम्पल्स लिहिलंय, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून एक हजार वॅटची इस्त्री लावली आणि तिचा दिवा पेटलेला असताना लुकलुक मोजली. मिनिटाला सुमारे 53 यायला हवी, तेवढीच आली. (व्होल्टेज कमी-जास्त असेल तर दोन-चारांचा फरक पडतो, तो धरू नका.) मीटर पळत नव्हता.

खरी गोष्ट यानंतर कळली. आमचे सगळे एमसीबी पाडले, घर अंधारात, तरी दिवा लुकलुकतच होता. शेजारी ‘ईएल’ अक्षरांचा दुसरा दिवा पेटलेला. वर वहिनींनी पाण्याची मोटर लावली आणि आमच्या मीटरने वेग घेतला!

झालं होतं असं. वीज फेजच्या तारेने येते आणि न्यूट्रलने परत जाते. जुना चकतीचा मीटर फेजमधूनच मोजायचा. आताचा मीटर दोन्ही तारा पाहतो, आणि चोरी पकडता यावी म्हणून ज्या तारेत प्रवाह जास्त तो धरतो. आमच्या वाड्यात फेज वाटली गेली, न्यूट्रल मात्र आजोबांच्या वेळची एकच राहिली. वरचा प्रवाह परत जाताना बराचसा आमच्या मीटरमधून जायचा. त्यांच्या मीटरने तो फेजमध्ये मोजला, आमच्याने न्यूट्रलमध्ये. दोन तारांतला हा फरकच तो ‘ईएल’ (अर्थ लोड) दिवा दाखवत होता. यात वीज कंपनीचा काही दोष नव्हता आणि चुलतभावाचाही नव्हता. मीटर बदलला असता तर नव्यानेही तेच सांगितलं असतं.

देवासला आत्याच्या घरी हीच तपासणी केली तेव्हा दिवा विझला आणि सगळे खूश झाले. पण तिथे जुना दांड्याचा मेन स्विच. तो पाडला की दोन्ही तारा तुटतात, मग मीटर गप्पच बसणार. मेन चालू ठेवून आतले एकेक एमसीबी पाडले तेव्हा लुकलुक दिसली; भाडेकरूच्या खोलीची न्यूट्रल आत्याच्या तारेला जोडलेली होती. देवास म्हणजे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन संस्थानं नांदलेलं शहर, इथे वाटणीचा घोळ कुणाला नवा नाही. 1921 साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते, आणि बागा, मोटारींबरोबर वीजघरही त्यांच्याकडे होतं. कादंबरीकाराला वीजघर सांभाळता येत असेल तर आपल्याला मीटर वाचता यायला हरकत नाही.

मात्र वाचणं वेगळं, खोलणं वेगळं. सील तोडू नका, बोर्ड उघडू नका. न्यूट्रल सामाईक असेल तर आपलं घर बंद असतानाही त्या तारेतून शेजाऱ्याचा प्रवाह वाहतो, आणि ती सुटलेली तार धरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. तारा वेगळ्या करायला परवानाधारक वायरमनच बोलवा, आणि त्या दिवशी दोन्ही घरांचा पुरवठा बंद ठेवा. मीटरवर जळका वास आला किंवा ठिणगी दिसली तर सरळ 1912 वर फोन करा.

स्मार्ट मीटर आला म्हणून हे टळत नाही. रीडिंग घ्यायला माणूस येत नाही, आकडा आपोआप जातो. पण दोन तारांची तुलना तोही करतोच. तेव्हा महिन्याच्या ठरल्या तारखेला मोबाइलवर मीटरचा फोटो काढून ठेवा, आणि वाड्याचं वाटणीपत्र करताना खोल्या, जिना, विहीर यांच्याबरोबर प्रत्येक घराची फेज आणि न्यूट्रल वेगळी असावी हेही त्यात लिहून घ्या.