४.३ कोळशाच्या थरातील वायू : भूशास्त्रीय नियंत्रक घटक

मागील उपघटकात आपण वनस्पतींच्या अवशेषांचे कोळशात रूपांतर कसे होते, हे पाहिले. याच प्रक्रियेत मिथेन वायूही निर्माण होतो. खाणीतील हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगीही स्फोटास पुरते. ६ सप्टेंबर २००६ रोजी झरिया कोळसाक्षेत्रातील भाटडीह खाणीत झालेल्या स्फोटात ५० कामगार मृत्युमुखी पडले. थरात वायू किती, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. निर्माण झालेल्या वायूपैकी बराचसा कोट्यवधी वर्षांच्या काळात निसटून जातो. आपणास मोजायचा असतो तो टिकून राहिलेला वायू. हा वायू मुख्यतः कोळशातील अतिसूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटून असतो. यास 'अधिशोषण' म्हणतात. दाब कायम असेपर्यंत तो जागचा हलत नाही. खाणकामामुळे दाब उतरला की सुटू लागतो.

आता झारखंडमधील झरिया आणि आपल्याकडील वर्धा खोरे यांची तुलना करू. दोन्हींकडील कोळसा गोंडवना संघातील, बराकर शैलसमूहातील. तरीही वायूच्या बाबतीत दोन्ही क्षेत्रे अगदी भिन्न आहेत. झरियाचा कोळसा बिटुमिनी, कोक करण्याजोगा, म्हणजे अधिक परिपक्व आहे. परिपक्वता वाढते तसा वायू अधिक निर्माण होतो आणि तो धरून ठेवण्याची क्षमताही सामान्यतः वाढते. वर्धा खोऱ्यातील कोळसा उप-बिटुमिनी असून त्यात ओलावा पुष्कळ आहे. ज्या जागी मिथेन चिकटावयाचा, तीच जागा पाण्याने अडवलेली असते. शिवाय अनेक थर भूपृष्ठालगत असल्याने तेथे उघड्या खाणी चालतात. उथळ थरांवर दाब कमी आणि वायूला बाहेर पडण्याची वाट जवळ! त्यामुळे चंद्रपूर-वणी भागात वायूपेक्षा कोळसा आपोआप पेटण्याची चिंता मोठी असते.

खोली वाढली की दाब व त्यासोबत वायूचे प्रमाण वाढते, हा नियम सोपा वाटतो. पण तो एकटा पुरत नाही. छतावर घट्ट शेल असेल तर वायू कोंडला जातो, सच्छिद्र वालुकाश्म असेल तर झिरपून निघून जातो. प्रस्तरभंगाचे वर्तन तर दुहेरी असते. भेग मोकळी असल्यास ती वायूची वाट बनते. चिकणमातीने भरलेली असल्यास तीच बांध ठरते. नकाशावर मात्र दोन्हींसाठी रेषा एकच!

झरियात याखेरीज अग्निजन्य अंतर्वेशनांचा घटक आहे. डोलेराइट व लॅम्प्रोफायर यांचा तप्त शिलारस थरांत घुसल्याने लगतचा कोळसा भाजून निघाला. खाणकामगार त्यास 'झामा' म्हणतात. या उष्णतेने अधिक वायू निर्माण झाला; तथापि भेगाळलेल्या झाम्यातून तो निसटूही शकला. परिणामी एकाच थरात थोड्या अंतरावर वायूचे प्रमाण बदलते आणि सरासरी आकडा फसवा ठरतो.

म्हणूनच भारतीय खाण-नियमांत भूमिगत थरांची वायूनुसार तीन श्रेणींत विभागणी केली आहे. दर टन उत्पादनामागे १ घनमीटरपर्यंत ज्वालाग्राही वायू सुटत असून हवेतील त्याचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा अधिक नसेल तर पहिली श्रेणी. टनामागे १० घनमीटरांहून अधिक सुटत असेल तर तिसरी. मधली ती दुसरी.

स्वयं-अध्ययन प्रश्न : एकाच थराच्या दोन भागांची खोली समान आहे, परंतु एका भागातील वायू दुसऱ्याच्या दुपटीने अधिक आढळला. याची कोणती भूशास्त्रीय कारणे संभवतात?