एक भाग आणि नऊ भाग : प्रयोगशाळेतील व्यवहारी गणित

गणिताला भिऊन आपली पुष्कळ मुले जीवशास्त्राकडे वळतात. घरी मराठी, शाळेत कन्नड व महाविद्यालयात इंग्रजी अशी कसरत करीत ती बीदर-कलबुर्गीच्या प्रयोगशाळांत पोहोचतात, तो गणित पुढे उभेच! हे गणित अवघड नाही. मात्र ते चुकले तर भुर्दंड दुसऱ्यास पडतो.

आपल्या तुरीचेच उदाहरण घेऊ. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तुरीच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात व हवेतील नत्र पिकास मिळवून देतात. पेरणीपूर्वी बियाण्यास चोळावयाच्या भुकटीत हे जिवाणू दर ग्रॅमला निदान ५ कोटी जिवंत असावेत, असा सरकारी दंडक आहे. इतके जिवाणू मोजावे कसे?

१० ग्रॅम भुकटी ९० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घोळावी. हा दशांश झाला. त्यातील १ मिलिलिटर ९ मिलिलिटर पाणी असलेल्या परीक्षानळीत घालावा, तो शतांश. अशा ओळीने चार नळ्या केल्या म्हणजे लक्षांश होतो. त्यातील ०.१ मिलिलिटर पोषकद्रव्याच्या बशीत पसरावा. काही दिवसांनी ४२ ठिपके उगवले, तर ४२ × १० × १,००,००० = ४ कोटी २० लाख. माल दंडकात बसत नाही.

आता नेहमीची चूक पाहा. 'दहापट पातळ' म्हणजे दहा भाग पाणी, असे समजून विद्यार्थी नळीत ९ ऐवजी १० मिलिलिटर पाणी घेतो. एक व दहा मिळून अकरा! चार नळ्यांत द्रव १०,००० पट नव्हे, तर १४,६४१ पट पातळ होतो. म्हणजे खरा आकडा सुमारे ६ कोटी १५ लाख. चांगला माल नापास झाला! उलट हिशेबात एक शून्य अधिक पडले, तर निकामी पुडी शेतकऱ्याच्या हाती जाते. आणि गेलेला मृग त्या वर्षी परत येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. पाणी किती घातले हे नव्हे, तर एकूण किती झाले ते पाहावे.
२. आकड्यापुढे परिमाण लिहावे. १०० मायक्रोलिटर म्हणजे ०.१ मिलिलिटर.
३. साधारण ३० ते ३०० ठिपक्यांचीच बशी मोजावी.
४. उत्तराचा अंदाज आधी बांधावा, म्हणजे शून्याची चूक तत्काळ उमगते.

पालकांनीही आज घरी एक वाटी ताकात नऊ वाट्या पाणी घालून मुलांस विचारावे, "ताकाचा हा कितवा हिस्सा?" उत्तर 'दहावा' आले, तर निम्मा धडा पाठ झाला असे समजावे.